तळघराची किल्ली

चर्चच्या तळघराची किल्ली
मिस बेडोच्या कोटाच्या आतल्या खिशात असते,
खोकल्याच्या गोळ्यांना चिकटून.
शनिवारी चारला, अंधार पडता पडता,
ती हडर्सफील्डचा चढ चढून येते
दर तिसऱ्या दिव्यापाशी थांबत.
दम लागला म्हणून नव्हे, म्हणते,
दिवे मोजते.

खाली ओल आहे. एकोणीस स्टीलपॅन आहेत,
त्यातल्या दोनांना कुणी हात लावत नाही:
एक तडकलेलं,
आणि एक डेल्विनचं.

पहिल्या दिवशी ती कुणालाच वाजवू देत नाही.
हातात चिंधी देते. पुसा.
"हे तेलाचं पिंप होतं," ती सांगते,
"कंपनीनं रिकामं करून फेकलेलं.
त्याआधी आमचे ढोल बंद केले सरकारनं,
मग आम्ही बांबू आपटले, मग बांबूही बंद,
मग हे.
बाकीचा इतिहास चहा झाल्यावर."
चहा कधी होतच नाही.
जास्वंदीच्या बोंडांचं लाल सरबत होतं,
आलं इतकं, की टगे म्हणवणाऱ्या पोरांच्याही
डोळ्यांत पाणी यावं.

मी पंधरा वर्षांचा होतो.
शाळेनं काढलं होतं. कारणाच्या रकान्यात
एकच शब्द: वर्तन.
आई दोन नोकऱ्यांच्या मधल्या फटीत झोपायची.
मिस बेडो शाळेत आली
चर्चची पिवळी टोपी घालून, पिसासकट,
हेडमास्तरांसमोर बसली आणि म्हणाली,
"वर्तन हे नाम झालं. क्रियापद सांगा.
यानं नेमकं केलं काय?"
ते कागद चाळत राहिले.
छत्तीस वर्षं रात्रपाळीची नर्स होती ती,
लपवलेलं दुखणं तिला चादरीवरून कळायचं.

मला परत घेतलं नाही.
तिथं ती हरली.
जिना उतरताना एवढंच म्हणाली,
"चल, केकसाठी मनुका भिजत घालायच्यात."

मनुका रममध्ये वर्षभर भिजतात.
म्हणजे पुढच्या नाताळपर्यंत थांबणं आलं.
मी केकसाठी थांबलो.
तिला ते ठाऊक होतं.

आता खाली झियार येतो, सुलेमानियाचा,
त्याच्या घरी अजून सामान बॅगांतच आहे.
वांडा येते, स्लोव्हाकियातली रोमा,
जिच्या मागोमाग दुकानदार गल्लीगल्लीत फिरतो.
डॉमिनोच्या टेबलावरून म्हातारा मिस्टर क्वाशी
सोंगटी आपटून कुरकुरला:
"कारियाकूचा ढोल आणि ही कुठली कुठली पोरं!
आपलं आपल्याकडे नको राहायला?"
मिस बेडोनं मान वर केली नाही.
"पिंप कुणाचं होतं, एनॉक?"
डाव पुढं सरकला.

वर्षातून एकदा लीड्सहून सूर लावणारा येतो.
उतरलेला सूर
तो पॅन उलटं करून खालून ठोकतो,
कान लावतो, पुन्हा ठोकतो.
झियार श्वास धरून बघत बसतो.
जास्त जोर झाला तर? त्यानं विचारलं.
"शेजारचा सूरही बिघडतो," माणूस म्हणाला,
हातोडी न थांबवता.

डेल्विनबद्दल ती बोलत नाही.
फक्त त्याचं पॅन ती स्वतः पुसते
आणि ती चिंधी
आम्हाला देत नाही.

गेल्या महिन्यात तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं.
वॉर्डातल्या नर्सला उशी कशी लावायची ते शिकवून झाल्यावर
तिनं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.
"उघडायला देतेय," म्हणाली, "मालकीला नाही.
आणि चढावर मोजत जा."

मोजले.
बावीस दिवे. एक विझलेला,
फिट्झविल्यम गल्लीच्या तोंडाशी,
जिथं दर वर्षी मार्चमध्ये
कुणीतरी कुंपणाला फुलं बांधतं.

खाली सतरा पोरं जिन्यावर खोळंबली होती.
दार उघडलं, चिंध्या वाटल्या,
आणि एका कोपऱ्यात बसून
काउन्सिलला पत्र लिहायला घेतलं.
नेहमीची सुरुवात तिच्या जुन्या पत्रांत सापडली:
महोदय, पुन्हा एकदा.